आधी प्रकाश, मग रसायन : तपासात हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा वापरताना

काळ्या सुती टी-शर्टवर पडलेलं रक्त वाळलं की ट्यूबलाइटच्या उजेडात ते शोधूनही सापडत नाही. तोच शर्ट ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात कॅमेऱ्याने पाहिला, तर बहुतेक वेळा कापड फिकट राखाडी दिसतं आणि डाग त्यावर गडद उठून येतो. सुती कापडाचे बरेचसे काळे डाय फक्त डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषतात, ७५० च्या पुढे ते जवळजवळ पारदर्शक होतात. वाळलेलं रक्त तिथेही थोडाफार प्रकाश अडवतं. मात्र काही सिंथेटिक कापडांत काळा रंग कार्बनच्या पुडीचा असतो. कार्बन अवरक्तातही काळाच राहतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. एकाच दुकानातून घेतलेल्या दोन काळ्या शर्टांत हा फरक निघू शकतो, म्हणून कापड कोणतं आहे हे स्कॅन करण्याआधी गृहीत धरू नये.

साधा कॅमेरा प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे देतो. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच बिंदूचे ४०० ते १००० नॅनोमीटरमधले दोनशेच्या आसपास आकडे देतो, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत येतो याचा, चित्रातल्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा आलेख मिळतो. ही सिलिकॉन सेन्सरची हद्द झाली. ९०० ते १७०० साठी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा वेगळा सेन्सर लागतो आणि तो बराच महाग पडतो. इथे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहिते आहे, कारण ठाणे-बेलापूर पट्ट्यात शिकणाऱ्या किंवा खाजगीत कागदपत्रं तपासणाऱ्या माणसाच्या हाती आला तर तोच कॅमेरा येईल.

सगळ्यात आधी क्रमाबद्दल, कारण भरून न येणारं नुकसान तिथेच होतं. ल्युमिनॉल, म्हणजे रक्ताशी गाठ पडली की अंधारात निळसर चमकणारं रसायन, फवारलं की डाग ओला होतो, पातळ होतो, भिंतीवर असेल तर ओघळतो. शिंतोड्यांचा आकार गेला की रक्त कोणत्या दिशेने उडालं हे सांगणारा पुरावाही गेला. स्कॅन वस्तूला हातही लावत नाही. म्हणून साधे फोटो आणि पंचनामा, मग स्कॅन, मग स्वॅब आणि सगळ्यात शेवटी गरज पडलीच तर फवारणी, असा क्रम ठेवावा. ल्युमिनॉल कमी दर्जाचं आहे असं मुळीच नाही. धुऊन काढलेलं, फार पातळ झालेलं रक्त ल्युमिनॉल दाखवतं, कॅमेरा दाखवत नाही. त्यामुळे स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून 'रक्त नाही' असं कधीच लिहू नये. उलट ब्लीचने पुसलेल्या बाथरूममध्ये ल्युमिनॉल सगळीकडेच चमकतं, तांब्याच्या भांड्यांवरही चमकतं. दोन्हींची मर्यादा वेगळी आहे, म्हणून दोन्ही हवीत, पण ठरलेल्या क्रमाने.

आता मांडणी. लॅबमध्ये बहुधा रेषेरेषेने स्कॅन करणारा कॅमेरा असतो आणि वस्तू त्याच्याखालून सरकत्या टेबलावर जाते. दोन हॅलोजन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा बरोबर वरून. समजा २०० मिलीमीटर रुंदीचं दृश्य १००० बिंदूंवर पडतं, म्हणजे एक बिंदू ०.२ मिलीमीटरचा. कॅमेरा सेकंदाला ५० रेषा घेत असेल तर टेबल सेकंदाला १० मिलीमीटरच सरकलं पाहिजे. वेग चुकला की चित्र लांबट किंवा चपटं होतं आणि शिंतोड्यांच्या आकारावरून कोन काढणाऱ्याची सगळी गणितं बिघडतात. म्हणून वस्तूशेजारी मोजपट्टी आणि एक छापील वर्तुळ ठेवावं. वर्तुळ अंडाकृती दिसलं की वेग दुरुस्त करून पुन्हा स्कॅन. ३०० मिलीमीटर लांबीचा कागद अर्ध्या मिनिटात होतो. १००० गुणिले १५०० बिंदू, तरंगलांबीचे २०० पट्टे आणि प्रत्येकी दोन बाइट धरले तर एका कागदाची फाइल ६०० एमबी भरते. हार्ड डिस्क विकत घेताना हा हिशेब आधी मांडावा.

दिवे डीसी सप्लायवरच चालवावेत. थेट एसीवर हॅलोजनचा उजेड सेकंदाला १०० वेळा किंचित कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण रेषेरेषेने घेतलेल्या चित्रात आडवे पट्टे उमटतात आणि नवखा माणूस त्यांना कापडाची वीण समजतो. दिवे लावून वीस ते तीस मिनिटं थांबावं, तोपर्यंत त्यांचा रंग स्थिर होत नाही. खोलीतले एलईडी बंद, पडदे बंद, पंखाही बंद. रुळांना लागून असलेल्या इमारतीत लोकल गेली की टेबल थरथरतं आणि सरळ कडा नागमोडी होते. तिथे टेबलाखाली जाड रबर घालावं आणि गाडी गेल्यावर स्कॅन सुरू करावा.

माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाची वस्तू पांढरी टाइल आहे, म्हणजे पडलेला जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवणारा, तुलनेसाठीचा तुकडा. सॉफ्टवेअर नंतर. प्रत्येक बिंदूचं खरं परावर्तन काढायचं तर वस्तूच्या आकड्यातून अंधाराचा (लेन्स झाकून घेतलेला) आकडा वजा करायचा, पांढऱ्या टाइलच्या आकड्यातूनही अंधाराचा आकडा वजा करायचा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. टाइल मळकी असेल तर तिचा मळ सगळ्या चित्रात भागाकाराने पसरतो. एक्स्पोजर असा ठेवावा की टाइलचा आकडा कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांवर राहील. बारा बिटांच्या कॅमेऱ्यात कमाल ४०९५, म्हणजे ३३०० ते ३५०० च्या मध्ये. त्याच्या वर गेलं की चकाकणाऱ्या जागी आकडे छाटले जातात आणि आलेखाचा माथा सपाट होतो. अंधाराच्या शंभरेक रेषा लेन्स झाकून घ्याव्यात, आणि त्या दर स्कॅनला नव्याने घ्याव्यात, कारण सेन्सर तापतो तसा त्याचा अंधारातला आकडाही वाढतो.

टाइल टेफ्लॉनची पुडी दाबून आणि तापवून घट्ट केलेली असते. बोट लागलं की तेलकट ठसा बसतो, वापरात ती हळूहळू पिवळसर पडते. पिवळेपणा म्हणजे निळ्या बाजूला कमी परावर्तन, आणि रक्ताची सगळ्यात ठळक खूण नेमकी निळ्या बाजूलाच असते. अशी टाइल वाहत्या पाण्याखाली २२० ते २४० नंबरच्या वॉटरपेपरने हलक्या हाताने गोल घासायची, धुवायची आणि वाळवायची. सरावासाठी दहा मिलीमीटर जाडीचा साधा टेफ्लॉनचा तुकडा चालतो. रिपोर्टसाठी चालत नाही, कारण त्याच्या परावर्तनाचं प्रमाणपत्र नसतं.

तरंगलांबीही तपासावी लागते. धक्क्याने कॅमेऱ्याचं तरंगलांबीचं मापन दोन-तीन नॅनोमीटर सरकलं तरी रक्ताच्या खुणा चुकीच्या जागी दिसतात. यासाठी जुना सीएफएल बल्ब पुरतो. त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४३६ आणि ५४६ वर येतात, शिवाय तांबड्यात ६११ च्या आसपास एक टोकदार शिखर असतं. बल्बचा उजेड पांढऱ्या टाइलवर पाडायचा, एक स्कॅन घ्यायचा आणि शिखरं जागेवर आहेत का ते पाहायचं. लोक एलईडी लावताना सीएफएल भंगारात देतात, तेव्हा एक बाजूला काढून ठेवावा. आणि फुटणार नाही असा जपावा, आत पारा आहे.

आता रक्ताचा आलेख. ताज्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे तीन खळगे, म्हणजे प्रकाश शोषला जातो त्या जागा, ओळखायचे: ४१५ च्या आसपास खोल, आणि ५४२ व ५७७ वर दोन छोटे. या दोघांच्या मध्ये, ५६० पाशी, बारीक उंचवटा येतो. रक्त म्हणण्याआधी मी हा उंचवटा शोधते. जाड डागाच्या मधोमध तो सापडत नाही, कारण तिथे इतका कमी प्रकाश परत येतो की सगळा भाग तळाला चिकटलेला असतो. कडेला, जिथे थर पातळ आहे, तिथले बिंदू निवडावेत. ४१५ ची खूण सर्वात भरवशाची, पण हॅलोजनचा उजेड निळ्या बाजूला दुबळा आणि सेन्सरही तिथे मंद, त्यामुळे तो भाग खरखरीत येतो. बरेच जण सवयीने ४३० च्या खालचा भाग कापून टाकतात आणि सगळ्यात उपयोगी खूण त्यातच फेकली जाते. त्यापेक्षा चार-पाच स्कॅनची सरासरी घ्यावी. इंग्लंडमधल्या टीसाइड विद्यापीठातल्या संशोधकांनी रक्तासाठी नेमक्या याच निळ्या पट्ट्यावर भर दिला आहे.

याच पट्ट्यात आणखी एक अडचण येते. धुण्याच्या पावडरीतले चमक आणणारे पदार्थ अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. पांढरा शाळेचा शर्ट किंवा चादर असेल तर ही चमक ४३० ते ४४० च्या आसपास परावर्तनात मिसळते आणि खळगा उथळ दिसतो. दिव्यापुढे अतिनील अडवणारी काच लावली की प्रश्न सुटतो.

रक्तासारखे दिसणारे डाग आपल्याकडे पावलोपावली आहेत, आणि त्यांचे आलेख आधीच घेऊन ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. स्टेशनच्या जिन्याच्या कोपऱ्यातली पानाची वाळलेली पिचकारी घ्या. कात, सुपारी आणि चुन्यातून आलेला तो तपकिरी-लाल रंग जुन्या रक्ताशी हुबेहूब जुळतो. आलेखात मात्र निळ्याकडून तांबड्याकडे एकसारखा चढ दिसतो, ५४२-५७७ ची जोडी दिसत नाही. खिडकीच्या ग्रिलचा गंज पावसात भिंतीवर ओघळतो, त्याला ८५० ते ९०० च्या पट्ट्यात रुंद खळगा असतो, रक्ताला नसतो. टोमॅटो सॉसची खूण ४७० ते ५०५ च्या भागात येते. कुंकू आणि मेंदीचे बाजारात इतके प्रकार आहेत की पुस्तकातला आलेख वापरूच नये, त्या घरातला नमुना घेऊन स्कॅन करावा.

कॅमेरा जिथे खरोखर हतबल होतो ती गोष्ट चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यातल्या माणसाला लगेच पटेल. माशाच्या रक्तातही हिमोग्लोबिन, बोकडाच्या रक्तातही हिमोग्लोबिन. आलेखावरून माणसाचं रक्त वेगळं काढता येत नाही. मासे कापायच्या फळीजवळच्या लुगड्यावरचा डाग 'हिमोग्लोबिनशी सुसंगत' एवढंच कॅमेरा सांगेल. पुढचं काम प्रजाती ओळखण्याच्या चाचणीचं आणि डीएनएचं. कॅमेऱ्याचा उपयोग असा की स्वॅब नेमका कुठून घ्यायचा ते कळतं, अख्खी चादर कापत बसावं लागत नाही.

रक्त किती जुनं, हा प्रश्न तपास अधिकारी हमखास विचारतात. तत्त्व खरं आहे: रक्त शरीराबाहेर आलं की हिमोग्लोबिनचं रूप बदलत जातं. ऑक्सिहिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, मग हेमिक्रोम. ५६० चा उंचवटा सपाट होत जातो, ६३० पाशी नवा उथळ खळगा येतो, ४१५ ची खूण आखूड तरंगलांबीकडे सरकते. अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी याच आधारावर घटनास्थळी वय अंदाजण्याची पद्धत मांडली. पण हा बदल तापमान, दमटपणा आणि उजेड यांच्यावर चालतो. थंड, कोरड्या खोलीत बनवलेला तक्ता जुलैतल्या कळव्याच्या बंद खोलीला लावणं चूक आहे. तिथे कापड वाळतच नाही. फार तर त्याच जागी, त्याच कापडावर, त्याच हवेत नमुने ठेवून तुलना करावी, आणि रिपोर्टात तास लिहू नयेत. हे मी ठामपणे सांगते, कारण एका खोट्या तासावर कुणाची तरी हजेरी किंवा गैरहजेरी ठरते.

ओल्या कापडाचा मुद्दा पावसाळ्यात रोजचा. पाणी धाग्यांमधल्या फटी भरतं, परावर्तन एकदम उतरतं, आणि ९७० पाशी पाण्याचा स्वतःचा खळगा येतो. १७०० पर्यंतचा कॅमेरा असेल तर १४५० चा प्रचंड खळगा बाकी सगळं गिळून टाकतो. मुद्देमालाचं कापड सावलीत, स्वच्छ कागदावर पसरून वाळवावं, हॅलोजनखाली नाही. आणि कागदी पाकिटात सील करावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं कापड ठेवलं की बुरशी धरते, मग डीएनएही जातं आणि आलेखही. कॅमेरा एसी खोलीतून दमट हॉलमध्ये नेताना बंद पिशवीतच अर्धा तास ठेवावा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

कोऱ्या कापडाचा स्कॅन विसरला तर सगळंच वाया. डाग असलेल्या शर्टाचाच स्वच्छ भाग, आणि जमलं तर तसलंच कापड आणून त्यावर खाटकाकडून आणलेल्या रक्ताचे थेंब: निव्वळ, दहापट पातळ, शंभरपट पातळ. त्यावरून तुमचा कॅमेरा त्या कापडावर कुठपर्यंत पाहू शकतो हे समजतं. एका कापडावरची मर्यादा दुसऱ्याला लागू होत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये आलेख गुळगुळीत करणं, दुसरा अवकलज (उतार किती वेगाने बदलतो ते) काढणं, मुख्य घटक वेगळे करणं (दोनशे आकड्यांतले सगळ्यात मोठे फरक मोजक्या चित्रांत गोळा करणं), आलेखांमधला कोन मोजणं या पद्धती या कामातल्या सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात अडकत नाही. एकच सांगते. मुख्य घटकांचं रंगीत चित्र फार देखणं येतं आणि त्यात इस्त्रीची घडी, घामाचा पट्टा, दिव्याची सावली हेही तितक्याच झोकात रंगतात. असं चित्र शोधायला वापरावं. निष्कर्ष मात्र मूळ परावर्तनाच्या आलेखावरून काढावा आणि तो आलेख रिपोर्टाला जोडावा.

कागदपत्रांत हा कॅमेरा मला रक्तापेक्षाही जास्त उपयोगी वाटतो. बॉलपेनची निळी शाई डायची असते, ७०० च्या पुढे ती बहुधा नाहीशी होते. काही काळ्या जेल पेनांत कार्बन असतो, ते ठळक राहतं. साठेखतात १ चा ९ केला असेल आणि शेपूट दुसऱ्या पेनाने ओढलं असेल, तर एखाद्या पट्ट्यात शेपूट उरतं आणि मूळ आकडा विरतो, किंवा उलट. शिक्क्याच्या जांभळ्या शाईखाली झाकलेली सही अशीच वर येते: शिक्का अवरक्तात पुसला जातो, सही कार्बनच्या शाईची असेल तर राहते. सहीही बॉलपेनची असेल तर दोन्ही एकदम जातात. तेव्हा ६०० ते ७०० च्या दरम्यान दोन्ही शायांचे उतार कुठे वेगळे होतात ते शोधावं लागतं. शाईचा थर जाड-पातळ असल्यानेही आलेख वर-खाली होतो, म्हणून तुलना करण्याआधी आलेखांची उंची सारखी करून घ्यावी. नाहीतर एकाच पेनाच्या दोन रेघा दोन पेनांच्या वाटतात. आणि एकाच कंपनीची एकाच घाण्याची दोन पेनं असतील तर कॅमेरा ती वेगळी सांगू शकत नाही. एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघांपैकी आधी कोणती ओढली, हेही याच्याकडून वदवून घेऊ नये.

साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांमुळे (संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने मूळ मालकांना द्यायच्या) नवी मुंबईच्या गावठाणांत जुनी कागदपत्रं अजून वादात येतात, काही मोडीतली. काजळी आणि डिंकाची पारंपरिक शाई कार्बनचीच, ती सगळ्या पट्ट्यात काळी राहते. इंग्रजी अमदानीतली लोहयुक्त निळी-काळी शाई अवरक्तात फिकट होत जाते आणि १००० च्या पुढे जवळजवळ दिसेनाशी होते. काजळीच्या मजकुरात नंतर घुसडलेली लोहशाईची ओळ त्यामुळे उघडी पडते. कागद तपकिरी पडला असेल तरी अवरक्तात तो उजळ दिसतो आणि पुसट मोडी वाचता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये अशाच तंत्राने दाखवलं की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या कच्च्या मसुद्यात जेफरसनने आधी 'प्रजा' या अर्थाचा शब्द लिहून तो पुसला आणि त्यावर 'नागरिक' लिहिलं.

आपल्याकडची मोठी अडचण लॅमिनेशन. कुणीतरी काळजीपोटी खरेदीखत लॅमिनेट करून ठेवतं आणि त्याच्या चकाकीत अर्धं पान पांढरं होतं. दिव्यावर आणि लेन्सवर आडवे-उभे पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारे फिल्टर) लावले तर चकाकी जाते, पण साधी पोलरायझर फिल्म ७५०-८०० च्या पुढे कामच करत नाही. दृश्य भागात चित्र स्वच्छ आणि अवरक्तात पुन्हा चकाकी, असं झालं की कारण हेच. तिथे बारीक तारांच्या जाळीचा पोलरायझर लागतो. लॅमिनेशन उचकटू मात्र नये, शाई प्लॅस्टिकसोबत निघून येते.

थर्मल कागदाच्या पावत्या, म्हणजे एटीएम किंवा टोलच्या चिठ्ठ्या, हॅलोजनखाली ठेवूच नयेत. ६०-७० अंशांपुढे तो कागद काळा पडू लागतो आणि तुम्हीच पुरावा नष्ट केलेला असतो. त्यांना गार एलईडी दिवे.

बोटांच्या ठशांबद्दल थोडक्यात: न प्रक्रिया केलेला ठसा ४०० ते १००० मध्ये क्वचितच मिळतो. निनहायड्रिन हे ठसे उठवणारं रसायन लावल्यावर येणारा जांभळा रंग ५७० च्या आसपास शोषतो, आणि तो पट्टा वेगळा काढला की नोटेवरची किंवा पाकिटावरची छपाई मागे ढकलून ठसा पुढे आणता येतो. इथे रसायन आधी येतं, हा वरच्या क्रमाला अपवाद.

आता कोर्टाची बाजू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत आहे. स्कॅनची फाइल हा इलेक्ट्रॉनिक पुरावा ठरतो, म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, अ भाग फाइल सादर करणाऱ्याने आणि ब भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा, द्यायचा असतो. हॅश काढायचा तो मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलचा, आणि कॅमेऱ्यातून उतरवल्याबरोबर पंचांसमोर. पांढऱ्या टाइलची आणि अंधाराची फाइल वेगळी असते. त्यांचाही हॅश काढून ठेवावा, कारण त्या दोन फायलींशिवाय परावर्तनाचा एकही आकडा पुन्हा काढून दाखवता येत नाही, आणि उलटतपासणीत बचाव पक्षाचा तज्ज्ञ पहिल्यांदा त्याच मागतो. रिपोर्टात दिव्याचा प्रकार, तो किती वेळ तापवला, एक्स्पोजर, टाइलच्या प्रमाणपत्राची तारीख, सीएफएलच्या रेषा कुठे आल्या आणि कोऱ्या कापडाचा आलेख, एवढं तरी असावं. निष्कर्षाच्या जागी 'रक्त आढळले' असं न लिहिता 'हिमोग्लोबिनशी सुसंगत परावर्तन, अमुक जागेवरून स्वॅब घेतला' असं लिहावं. स्वॅबचा सीए (रासायनिक विश्लेषकाचा) रिपोर्ट कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून येईल तेव्हा जागेचा क्रमांक दोन्हीकडे तोच हवा, म्हणून स्कॅनच्या चित्रावर आणि स्वॅबच्या पाकिटावर एकाच माणसाने, एकाच वेळी क्रमांक घालावेत.